बांडगूळ न्हवं

३ मार्च, सोमवार

ऋतूनं झाड आणलं. माझी नात, विलासची पोरगी. झाडांचंच शिकते, एम.एस्सी. म्हणतात त्याला. पिशवीतनं काढलं तर आधी वाटलं केवड्याचं पिल्लू. पानं पन्हळीसारखी, कडंला बारीक काटं, आणि अंगावर आडवं पट्टं, वाघाला असतात तसं, पण चांदीचं. मधी पेला. खरोखरचा पेला, पाणी ऱ्हातं त्यात. ब्राझीलचं म्हणे. नाव इंग्रजी, तीनदा सांगितलं. मला ऐकू आलं ते एकमाई. तेच लिहिते. ऋतू हसली, चालतंय की म्हणाली.

कुंडी आणू का म्हटलं तर न्हाय. दारातल्या आंब्याला, कमरेएवढ्या उंचीवर, काथ्यानं बांधलं. माती न्हाय, शेणखत न्हाय, काय न्हाय.

मी म्हटलं, "आगं, बांडगूळ आणलंस व्हय घरात? तुझा आज्जा ह्याच आंब्यावरची बांडगुळं कोयत्यानं तोडून दमला."

"आज्जी, बांडगूळ न्हवं हे."

मग समजावून सांगितलं, मास्तरणीसारखं. बांडगुळाचं बी चिकट. पक्षी खातो, फांदीला चोच पुसतो, बी तिथंच डकतं. मग त्याचं मूळ साल फोडून लाकडात घुसतं आणि झाडाचं पाणी पितं. ही तसली न्हवं. हिची मुळं नुसती धरून बसायला. पावसाचं पाणी पेल्यात साठवती. पडलेला पाला, मेलेलं चिलट त्यात कुजतं, त्यावर जगती. आंब्याचं काय म्हणजे काय घेत न्हाय. "हिला फक्त बसायला जागा लागती आज्जी."

मी चहा ठेवायला आत गेले. साखर घालायची ऱ्हायली. विलास म्हणाला, आज काय झालंय हिला.

४ मार्च, मंगळवार

ही वही म्हणजे दूध संस्थेची डायरी, दिवाळीत मिळालेली. ऋ. म्हणाली, रोज एकमाईचं लिहीत जा, मला कॉलेजात दाखवायला होईल. मी तिसरी शिकलेली. पण लिहिते.

पानं ११. पा. घातलं, पेल्यात. बुडाला न्हाय घालायचं. तांब्याच्या भांड्यातनं तर अजिबात न्हाय, तांबं बाधतं हिला. मी म्हटलं, देवाला चालतंय आणि हिला चालत न्हाय, मोठ्या घरची दिसती.

ऋतू म्हणती वहीत 'मी गेले' लिहायचं. बोलताना मी 'गेलो'च म्हणते. आमच्यात बायका तसंच बोलतात, त्यात काय. पण लिहिताना गेले.

८ मार्च, शनिवार

घोळ केला. सकाळी ऊन पडल्यावर बघितलं तर पानांवर पांढरं. आमच्या दोडक्याच्या वेलावर भुरी यायची तसंच हुबेहूब. परवा पट्टं वाटलेलं ते, आज भुरी वाटली. रोग वाढायच्या आत पुसावं म्हणून धोतराचा जुना तुकडा भिजवला, बोटाला जरा राख घेतली, आणि पुसलं. तीन पानं झाली. लख्ख हिरवी निघाली. मला एवढा आनंद झाला, जसं काय पोराचं नाक पुसलं.

ऋ. आली आणि बघून खालीच बसली. ओरडली न्हाय. ओरडली असती तर बरं. म्हणाली, "आज्जी, ती भुरी न्हवती. ती तिची तोंडं होती." ते पांढरं म्हणजे बारीक बारीक खवलं. त्यातनंच ती पाणी पिते, दव पिते. मुळानं पीत न्हाय.

"परत येतील का गं?"

"त्या पानांवर न्हाय. नवी पानं येतील त्यांना असतील."

१२ मार्च, बुधवार

पानं ११. पा. घातलं.

लिहितेच आता. झाड आणल्यापासनं तो बांडगूळ शब्द डोक्यातनं जात न्हाय.

ताराक्का माझी मोठी नणंद. नवऱ्यानं टाकली तेव्हा तेविशीची होती, भावाच्या घरी आली. मी लग्न होऊन आले तर ती होतीच. एकतीस वर्षं आम्ही एका घरात. म्हशी तिनं बघितल्या. विलासला गोवर आलता तेव्हा रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसली, मी पाठोपाठच्या पोराची बाळंतीण होते. ते पोरगं काय ऱ्हायलं न्हाय. वाकळा शिवायची, आख्खी गल्ली तिच्याकडं लुगडी घेऊन यायची. तिच्या हातची वाकळ अजून माझ्या अंगावर असती, टाका उसवला न्हाय. आणि घेतलं काय तिनं? चुलीमागची झोपायची जागा. दोन येळचं, तेबी सगळ्यांच्या मागनं.

ऋतूच्या बारशाला वडगावची पावणी मंडळी आलती, सुनेच्या माहेरची. घर भरलेलं, माझं डोकं तापलेलं. सुनेच्या काकीनं विचारलं, "घरात किती माणसं हो तुम्ही?" मी म्हटलं, "आम्ही पाच, आणि एक बांडगूळ."

सगळ्या हसल्या. मलाबी बरं वाटलं, पावण्या हसल्या म्हणून.

आक्का मागंच उभी होती, घुगऱ्यांचं पातेलं घेऊन. तिनं सगळ्यांना वाढलं. मलाबी वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि पन्हाळ्याची गाडी धरली. तिच्या मावसबहिणीची पोरगी सुनंदा असती तिकडं. बावीस वर्षं झाली.

हे म्हणाले, "काय झालं गं आक्काला?" मी म्हटलं, "मला काय ठावं." हे गेले त्याला सहा वर्षं. त्यांना ठाऊकच न्हवतं.

२५ मार्च

पानं १२. मधनं एक नवं, गुंडाळीसारखं. चांदी हाय त्याला. पुसलेली तीन तशीच.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे यंदाचं गाळप संपलं. मळीचा वास गेला की आमचं हे बावडा गाव आपलं वाटत न्हाय दोन दिवस.

५ एप्रिल, शनिवार

आज लई गंमत. ऋतूनं पेल्यातलं पाणी काढलं, एक पिकलेलं सफरचंद झाडाजवळ ठेवलं आणि वरनं प्लास्टिकची पिशवी बांधली. म्हणाली, सफरचंदातनं एक वास सुटतो, आपल्याला कळत न्हाय पण झाडाला कळतो. त्यानं फूल येतं.

मी म्हटलं, "हे काय मला नवीन न्हाय. आंब्याच्या आढीत एक पिकला की शेजारचं पिकतात. आमची सासू एक पाडाचा आंबा मुद्दाम मधी घालायची."

ऋतू बघतच ऱ्हायली. "आज्जी, तेच हे. अगदी तेच." तिच्या वहीत माझं नाव लिहून घेतलं तिनं. आणि एक सांगितलं, अननस ह्यांच्याच भावकीतला. तेव्हाच ते काटं बघून मला ओळखीचं वाटलं होतं.

आठवडाभर पिशवी काढायची न्हाय.

२२ एप्रिल, मंगळवार

पिशवी कधीच काढली. अजून काय न्हाय. ऊन लई, जुन्या साडीची सावली केली.

धीर करून पन्हाळ्याला फोन लावला. सुनंदानं आक्काला दिला.

"कोण?"

"मी, बावड्याची."

"बोल की."

आंबा यंदा कमीच धरला म्हटलं. विलासची बदली झाली न्हाय म्हटलं. दारात एक नवीन झाड आणलंय म्हटलं. ती "हं, हं" करत होती. मग म्हणाली, "दूध वर यायलंय," आणि ठेवला. दूध वर यायलंच असंल. संध्याकाळी पाच वाजता कुणी दूध तापवत न्हाय असं थोडंच हाय.

पा. घालायचं विसरले. उद्या.

११ जून, बुधवार

आलं.

सकाळी पेल्यात पाणी घालायला वाकले तर बुडात गुलाबी टोक. आधी वाटलं लग्नातल्या अक्षतांचा कागद पडलाय. बोट लावलं तर हलंना. ऋ. आंघोळीला गेलेली, दार वाजवून वाजवून बाहेर काढली. ती साबण लावलेल्या केसांनी आली, दोघी तिथंच उभ्या. सून म्हणाली, "न्हाणीघरात पाणी वाहतंय, ते कोण बंद करणार?"

विलास, माझं पोरगं, त्याला झाडपाल्याचं काय पडलेलं न्हाय, तोबी चष्मा लावून बघून गेला. शेजारणी आल्या. सगळ्यांना चहा. आज पा. दोनदा घातलं, खुशीत.

२ जुलै, बुधवार

गुलाबी तुरा वीतभर. त्याच्या काटेरी पाकळ्यांतनं निळी फुलं निघाली, तांदळापेक्षा जरा मोठी. गुलाबीत निळं. असलं इरकलसुद्धा मी बघितलं न्हाय. ऋतू म्हणती गुलाबी ती पाकळी न्हवंच, पानं आहेत ती. खरं फूल निळं. सकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी लाल पडून सुकतं. तुरा मात्र दोन-तीन महिने ऱ्हाणार.

मी म्हटलं, "दरवर्षी येईल का?"

ती पेल्यातलं सुकलेलं फूल वेचायला लागली. मग सांगितलं. एकदाच येतं. फूल आलं की त्या झाडाचं काम झालं. मग ते हळूहळू जातं, वर्ष लागंल, दीड लागंल. जाता जाता बुडाला पिलं देतं.

"तू मला हे सफरचंद ठेवायच्या आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ठेवू दिलं असतंस?"

न्हाय दिलं असतं. खरं बोलली.

आक्काला आता त्र्याऐंशी झाली असतील. तिच्यापेक्षा मी दहानं लहान. मोजत बसले.

६ ऑगस्ट, बुधवार

आरोग्यवाल्या बाई आल्या. डेंग्यूसाठी घरोघर फिरतात, पिंपं उघडून बघतात, भिंतीवर खडूनं लिहून जातात. एकमाईकडं आल्या.

"आज्जी, हे पाणी वतून द्या."

"वतू कसं? झाडाला बांधलंय ते."

"डास होत्यात यात."

"आमच्यात न्हाई होत."

त्यांनी बॅटरी मारली. दोन आळ्या वळवळत होत्या. "मग हे काय हाय? तुमचे पावणे?"

लाज वाटली मला. ऋतूला फोन लावून दिला. ती म्हणाली, दर तीन दिवसांनी तांब्याभर पाणी जोरात वतायचं, शिळं सगळं वाहून जातं, नवं ऱ्हातं. बाई तयार झाल्या. चांगल्या होत्या, सरबत घेतलं. जाता जाता म्हणाल्या, "त्यापेक्षा ते बांडगूळ काढूनच टाका की आज्जी, कटकट मिटली."

मी म्हटलं, "बाई, काय बी बोला. तो शब्द ह्या घरात बोलायचा न्हाय."

त्या बिचाऱ्या घाबरल्या. सून आतनं बघत होती. माझा आवाज चढला होता.

('तांब्याभर' लिहिलं वर. स्टीलचा.)

१४ सप्टेंबर, रविवार

बुडाला दोन पिलं. एक बोटाएवढं, एक त्याहून बारकं. चांदी आत्तापासनंच. आईची खालची पानं टोकाला वाळायला लागली. पुसलेली तीन आधी.

मनात ठरवलं होतं, थोरलं पिल्लू काढायचं, नारळाच्या शेंडीत बांधायचं, आणि आक्काकडं घेऊन जायचं. द्यायला काहीतरी असलं की बोलायला सोपं. ऋ. म्हणती, आत्ता न्हाय. आईच्या निम्म्याएवढं व्हायला पायजे, तवर ते तिच्याच जिवावर. आत्ता तोडलं तर जगलं न जगलं.

किती दिवस? पुढचा उन्हाळा.

दुपारी सुनंदाचा फोन. आक्का पडली. मोरीत पाय घसरला. हाड मोडलं न्हाय, पण आता वॉकर धरून चार पावलं, तेवढंच. "मामी, खातबी न्हाय धड," म्हणाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

ऋतूला सांगितलं सगळं. आंब्याखाली, कपडे वाळत घालताना. तिला वाटायचं पन्हाळ्याची आज्जी म्हणजे कुणीतरी लांबची.

ती चिमटे हातात धरून उभी ऱ्हायली. "माझ्या बारशाला?"

"व्हय."

तिनं एक चिमटा दोरीला लावला. मग म्हणाली, "पिल्लू मोठं व्हायची वाट बघू नकोस. अशीच जा."

"रिकाम्या हातानं?"

"रिकाम्या हातानंच जायचं असतं असलं बोलायला."

कुठनं शिकली कुणास ठाऊक. एम.एस्सी.त न्हाय शिकवत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले न्हाय. आधी पक्ष पंधरवडा चालू होता, म्हटलं ह्या दिवसांत असलं बोलायला नको. मग घट बसले, नऊ दिवस घर सोडून कसं जायचं. मग गुडघा. काल दसरा झाला. आता पुढं करायला सण ऱ्हायला न्हाय.

एकमाईचा तुरा वाळला. ऋ. नं कापू दिला न्हाय, म्हणाली असू दे.

५ ऑक्टोबर, रविवार

जाऊन आले. एकटी. विलास गाडी काढतो म्हणाला, न्हाय म्हटलं.

एस.टी.त बसल्यापासनं घाटापर्यंत मनात जुळवत होते, असं म्हणायचं, तसं म्हणायचं. उतरले आणि सगळं पुसलं.

आक्का लोखंडी खाटेवर, भिंतीला टेकून. एवढीशी झालीय. केस मात्र चापून बांधलेले, तेल लावून.

"कोण?"

"सुमन, आक्का."

"बस की. उन्हातनं आलीस."

सुनंदा चहाला आत गेली. मी म्हटलं, "आक्का, त्या बारशाच्या दिवशी..."

"कुठलं बारसं?"

तिला ठाऊक होतं. चादरीवरचा हात थांबला होता तिचा. पण तिनं मला म्हणायलाच लावलं, आणि बरोबर केलं.

"ऋतूचं. मी तुमाला बांडगूळ म्हटलं. पावण्यांफुडं."

"व्हय. म्हटलीस."

"चुकलं माझं. तुमी आमचं काय घेतलं न्हाई. आमीच..."

तिनं मला पुढं बोलू दिलं न्हाय. विचारलं, "भावाला ठावं होतं?"

हे मी वहीत लिहिलं न्हवतं. आता लिहिते. हे दर भाऊबिजेला पन्हाळ्याला जायचे, ओवाळून घेऊन यायचे. पहिल्याच वर्षी म्हणाले होते, आक्काला घेऊनच येतो ह्या वेळी. मी म्हटलं होतं, "मी बोललो त्यांच्याशी, त्यांचं मन तिकडंच रमलंय. उगा चल म्हणून संकटात पाडू नका." बोलले न्हवते मी. तिनं आल्यावर सांगितलं असतं तर, ही भीती. म्हणून.

ते सगळं सांगितलं आक्काला. सांगताना तिच्याकडं बघितलं न्हाय, खाटेच्या पायाकडं बघत होते. त्याचा रंग उडालाय.

आक्का म्हणाली, "सोळा भाऊबिजा मी पिशवी भरून ठिवायची. दाराच्या मागं. तो चहा प्यायचा, उठायचा. मला वाटायचं त्येचंबी तुझ्यागतच मत हाय."

मी पाय धरायला वाकले. तिनं पाय काढून घेतले न्हाईत, तिला पटकन हलवताच येत न्हाईत ते.

"आक्का, चुकलं..."

"आलं ऐकू. परत म्हनू नगंस."

आणि तोंड भिंतीकडं केलं. चहा आला, तिनं घेतला न्हाय. मी घेतला, न्हाय तर सुनंदाला काय वाटलं असतं. थोड्या वेळानं भिंतीकडं बघतच म्हणाली, "दोनची गाडी हाय. ती चुकली तर मग चारला."

दोनच्यानं आले.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऋ. नं विचारलं, "काय म्हणाली?"

"गाडीची येळ सांगितली," म्हटलं.

पा. घातलं. पानं मोजली न्हाईत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मोजली. वाळलेली सोडून ८. पिलं २. थोरल्याच्या पोटात पेला तयार व्हायलाय, चमचाभर पाणी मावतंय. कालच्या रात्रीचं दव त्यात साठलं होतं. मी घातलेलं न्हवतं.

ह्यांच्या फोटोला आज हार बदलला. त्यांना तोंडानं सांगितलं सगळं. माणूस असताना सांगायचं असतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सुनंदाचा फोन. म्हणाली, "मामी, आक्का विचारतीय, तुमच्यात संडास घरातच हाय का भाईर?"

मी म्हटलं, "घरातच. कमोड हाय. खालीच, पायरी न्हाय."

ती फोन बाजूला धरून मोठ्यानं बोलली, "घरातच हाय म्हणत्यात, पायरी न्हाय." मग तिकडं काही बोलणं झालं, मला कळलं न्हाय. नुसता आक्काचा आवाज कळला.

"काय म्हणत्यात?"

"काय न्हाय. बरं म्हणाली." आणि ठेवला. कशाला विचारलं ते सांगितलं न्हाय. मीबी विचारलं न्हाय. सुनंदाकडं मोरी आणि संडास मागल्या दारी हाय, चार पायऱ्या उतरून, तिला दुसऱ्या कुणाचं बघून तसं बांधायचं असंल. असंलही.

विलास जेवायला बसला तेव्हा म्हटलं, "उद्या संडासात भिंतीला दांडी बसवून घे. धरून उठायला. चांगली जाड."

"तुझा गुडघा एवढा दुखाय लागला व्हय?"

"बसव तू."